बांगडीतलं गणित, आजीचा इतिहास

सहावी ते आठवी ही तीन वर्षं म्हणजे मुलांचे प्रश्न एक तर फुलण्याची, नाही तर कायमचे मिटण्याची वर्षं. वर्गात काही वेगळं करायचं तर पैसे लागतात, हा समज जरा बाजूला ठेवू या. त्यासाठी लागणारं निम्मं साहित्य आपल्याच घरात पडून असतं!

सहामाही परीक्षा संपली की गावातल्या स्टेशनरीच्या दुकानांत एक नवा सीझन सुरू होतो. ‘प्रोजेक्ट’चा! काउंटरवर रांगेनं तयार माल मांडलेला असतो. ज्वालामुखी, सूर्यमाला, पवनचक्की, आदर्श गाव. फक्त नावाची जागा तेवढी कोरी. पैसे द्या, नाव घाला, शाळेत जमा करा. ज्यांना हे परवडत नाही किंवा पटत नाही, त्यांच्या घरी रात्री अकरा वाजता वेगळंच नाटक रंगतं. ‘आई, उद्या शेवटची तारीख आहे गं!’ मग बाबा पुठ्ठा शोधतात, आई कापते, चिकटवते, मोठी ताई सुवाच्य अक्षरात लेबलं लिहिते आणि ज्याचा प्रोजेक्ट तो केव्हाच झोपलेला असतो. दहापैकी नऊ मार्क पडतात. ते नक्की कुणाला पडले, हे मात्र कुणी विचारायचं नाही!

२०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली. मग पुठ्ठा आला, फोमची शीट आली. साहित्य बदललं, पण मुलाचा हात त्या वस्तूपासून जेवढा लांब होता तेवढाच लांब राहिला.

यात बाईंचा दोष काढणं सोपं आहे. पण जरा त्यांच्या जागी उभं राहून बघा. पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास, समोर वर्गभर मुलं, डोक्यावर अभ्यासक्रम, हातात भरायचे तक्ते आणि माहिती. शिक्षण हक्क कायद्यानं सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण सांगितलंय. ते कुठं पाळलं जातं आणि कुठं नाही, हे आपण रोज बघतोच. अशा गर्दीत ‘उपक्रम’ हा शब्द ऐकला तरी बाईंच्या कपाळावर आठी पडते. कारण उपक्रम म्हणजे आणखी एक काम, फोटो आणि अहवाल असं समीकरण होऊन बसलंय.

म्हणून एक गोष्ट आधीच ठरवू या. चांगल्या उपक्रमाला फोटोची गरज नसते. मुलाच्या हातानं काहीतरी झालं पाहिजे, त्यातून त्याला काहीतरी दिसलं पाहिजे आणि ‘असं का?’ हा प्रश्न त्याच्याच तोंडून आला पाहिजे. एवढं झालं की उपक्रम झाला. मग त्यावर रुपया खर्च झाला नाही तरी चालेल.

हीच तीन वर्षं का?

चौथीतली मुलगी आठवा. बाईंनी प्रश्न विचारला की उत्तर येवो न येवो, हात आधी वर. तीच मुलगी आठवीत बघा. उत्तर येत असलं तरी मान खाली. चुकलं तर पोरं हसतील, बरोबर आलं तर ‘शहाणी आली मोठी’ म्हणतील. अकरा ते चौदा हे वयच तसं. अंग बदलत असतं, मन बावरलेलं असतं. त्यात अभ्यासही अचानक अवघड होतो. गणितात ‘क्ष’ येतो, ऋण संख्या येतात; भूगोलात अक्षांश-रेखांश येतात. हाताला लागणारं शिक्षण संपतं आणि नुसत्या फळ्यावरचं सुरू होतं.

आणि बघा, शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयापर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत सक्तीचं आणि मोफत शिक्षण देतो. त्यानंतर? ‘हिला कुठं गणित जमतंय, बसू दे घरी’ हे वाक्य ज्या घरात बोललं जातं, तिथं त्याची तयारी या तीन वर्षांतच झालेली असते. म्हणून सहावी-सातवीच्या मुलीला एखादा तास जरी ‘मला जमतंय की!’ असं वाटलं, तर ती गंमत नसते. तिच्यासाठी ते एक उघडं राहिलेलं दार असतं.

कासाराकडचं गणित

सुरुवात आपल्या हातापासूनच करू या. बांगडी घ्यायला गेलं की कासार विचारतो, ‘माप काय ताई, दोन-चार की दोन-सहा?’ आपण सवयीनं सांगतो. पण दोन-चार म्हणजे काय, हे कधी विचारलंय?

दोन-चार म्हणजे दोन पूर्ण इंच आणि एका इंचाच्या सोळा भागांपैकी चार भाग. बांगडीच्या आतल्या व्यासाचं ते माप. चार सोळांश म्हणजे पाव, म्हणून दोन-चार ही झाली सव्वादोन इंचाची बांगडी. दोन-आठ म्हणजे अडीच इंच आणि दोन-बारा म्हणजे पावणेतीन. दुकानात मात्र हेच माप २.४, २.८ असं टिंब देऊन लिहिलेलं असतं. इथंच सातवीच्या वर्गासाठी एक झकास कोडं तयार होतं!

मुलांना विचारा, २.४ मोठं की २.१०? दशांश अपूर्णांक शिकलेली मुलं सांगतील, २.४ मोठं. कारण २.१० म्हणजे २.१. अगदी बरोबर. आता दोन-चार आणि दोन-दहा अशा दोन बांगड्या हातात द्या. इथं दोन-दहा सरळ सरळ मोठी दिसते! वर्गात गोंधळ उडतो, आणि तोच आपल्याला हवा असतो. मुलं पट्टी घेऊन मोजायला लागतात. दोन-चारची बांगडी आतून साधारण ५.७ सेंटिमीटर भरते. ती खरंच २.४ इंच असती, तर ६.१ सेंटिमीटर भरली असती. म्हणजे ते टिंब दशांशाचं नाही. त्याच्यामागं सोळा भाग लपलेत. दशांश चिन्ह म्हणजे नक्की काय, हे दहा उदाहरणं फळ्यावर सोडवून जेवढं कळत नाही तेवढं या एका घोळातून कळतं.

सोळाच का, असं कुणीतरी विचारेलच. तेव्हा सुताराची टेप दाखवा. तिच्यावर इंचाचे आठ-सोळा भाग पाडलेले असतात. मग जुना रुपयाही काढा. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, तोवर रुपयाचे सोळा आणे होते. ‘सोळा आणे खरं’ असं आजी का म्हणते, तेही जाता जाता कळून जाईल.

हीच बांगडी वर्तुळ शिकवायलाही चालते. बांगडी, डब्याचं झाकण, ताटली, परात अशा गोल वस्तू गोळा करा. प्रत्येकीच्या कडेनं बाहेरून दोरा गुंडाळा, तो पट्टीवर मोजा. मग बाहेरचा व्यास मोजा. दोऱ्याच्या लांबीला व्यासानं भागा. छोटी बांगडी असो की मोठी परात, उत्तर तीनच्या थोडं पुढंच येतं. कुणाचं ३.१, कुणाचं ३.२. सगळ्यांची उत्तरं फळ्यावर लिहून सरासरी काढली तर ती बहुतेक वेळा ३.१४ च्या आसपास येऊन थांबते. त्यानंतर बाईंनी ‘पाय’ची किंमत सांगितली, तर मुलांना ती पाठ करावी लागत नाही, त्यांनी स्वतःच ती शोधलेली असते. एक काळजी मात्र घ्या, काचेच्या बांगड्या वर्गात नकोत. प्लॅस्टिकच्या किंवा धातूच्या आणा.

असंच घरातलं लाइट बिल. मागच्या आणि चालू रीडिंगमधला फरक म्हणजे युनिट. शंभर युनिटपर्यंत एक दर आणि पुढच्या टप्प्याला चढा दर. १०१ युनिट झाले तर सगळ्याच युनिटला चढा दर लागतो की फक्त शेवटच्या एकाला? मुलं वाद घालतील. घालू द्या. बिलातले आकडे बघून त्यांनीच निकाल लावायचा. (चढा दर वरच्या युनिटांनाच लागतो.) मोठेपणी बिलाच्या कागदाला न घाबरणारी बाई अशाच तासातून घडते.

काडी, नळी आणि त्रिकोण

विज्ञानाचा विषय निघाला की ‘आमच्या शाळेत प्रयोगशाळाच नाही’ हे उत्तर ठरलेलं. पण प्रयोगशाळेविना विज्ञान शिकवण्याचा एक मोठा प्रयोग आपल्या शेजारीच होऊन गेलाय. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात (आता त्याचं नाव नर्मदापुरम) १९७२ साली सोळा शाळांमधून तो सुरू झाला, आणि तोही नेमका सहावी ते आठवीसाठीच. खेड्यातल्या मुलांनी स्वतः प्रयोग करायचे, निष्कर्ष स्वतः काढायचे, परीक्षेतही पुस्तक उघडून बघायची मुभा. २००२ साली तो थांबला, तोवर तीस वर्षांत शेकडो शाळांमध्ये पोचला होता.

या कामानं भारावलेले एक तरुण इंजिनीअर म्हणजे अरविंद गुप्ता. पुण्यात मोटारींच्या कारखान्यात नोकरी करत असताना १९७८ साली त्यांनी रजा काढली आणि ते होशंगाबादला गेले. तिथं आठवडी बाजारात हिंडताना त्यांना एक गोष्ट दिसली, सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी. तिचा छोटा तुकडा कापायचा आणि दोन्ही टोकांतून आगपेटीच्या काड्या आत खुपसायच्या. झाला सांधा तयार! यातून त्यांची काड्यांची खेळणी जन्माला आली, १९८७ साली त्यांचं पुस्तक आलं आणि टाकाऊतून विज्ञान शिकवण्याच्या याच कामासाठी २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

हा प्रयोग उद्या तुमच्या वर्गात होऊ शकतो. काड्यांचा गूल आधी खरवडून काढून टाका, म्हणजे पेटायची भीती नाही. पाच-पाच मुलांचे गट करा. तीन काड्या आणि तीन नळ्यांचा त्रिकोण, चार काड्यांचा चौकोन आणि पाचांचा पंचकोन करायला सांगा. आता प्रत्येक आकृती हळूच दाबून बघायची. चौकोन कलंडतो, पंचकोन तर अगदीच लुळा पडतो. त्रिकोण मात्र हलत नाही. आता विचारा, चौकोन ताठ करायचा तर काय कराल? कुणीतरी त्याच्या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी काडी लावेल. चौकोनाचे दोन त्रिकोण झाले की तोही ताठ!

खरी मजा पुढंच आहे. मुलांना सांगा, शाळेतून घरी जाताना त्रिकोण शोधत जा. पत्र्याच्या छपराखालची कैची, विजेच्या उंच मनोऱ्यावरच्या तिरक्या पट्ट्या, रेल्वेचा लोखंडी पूल, सायकलची चौकट. दुसऱ्या दिवशी बाईंनाही माहीत नसलेले त्रिकोण मुलं घेऊन येतात.

सावली मोजणारी काठी

हा प्रयोग दिवाळीनंतर, आभाळ स्वच्छ असताना करायचा. मैदानात सपाट जागी हातभर काठी सरळ उभी रोवा. साडेअकरापासून एक वाजेपर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडा ठेवा आणि शेजारी वेळ लिहा. सावली आधी आखूड होत जाईल, मग पुन्हा लांबू लागेल. सर्वांत आखूड सावली ज्या रेषेत पडते ती आपली दक्षिणोत्तर दिशा. होकायंत्राची गरजच नाही. (मुलांनी सूर्याकडे बघायचं नाही, फक्त सावलीकडे. हे दोनदा बजावा.)

पण बघा, ती सर्वांत आखूड सावली घड्याळात बाराला पडत नाही! भारताचं घड्याळ चालतं ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर. महाराष्ट्र त्याच्या पश्चिमेला आहे आणि पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. म्हणून मुंबईत सूर्य सरासरी बारा वाजून अडतीस मिनिटांच्या सुमाराला माथ्यावर येतो, तर नागपुरात सव्वाबाराच्या आसपास. ऋतूप्रमाणे यात पंधरा-सोळा मिनिटांपर्यंत मागंपुढं होतं. पण दोन्ही गावांमधला सुमारे पंचवीस मिनिटांचा फरक कायम राहतो.

आता या धड्याला आपल्या नात्यागोत्याची जोड द्या. वर्गात कुणाची मावशी चंद्रपूरला, कुणाचा मामा रत्नागिरीला असतोच. तिथल्या मामेभावानं त्याच दिवशी अशीच काठी रोवायची आणि आखूड सावलीची वेळ फोनवर कळवायची. दोन वेळांतल्या फरकाला चारानं भागलं की दोन गावांमधलं रेखांशाचं अंतर निघालं. नकाशावर ताडून बघा. आजवर नुसत्या पुस्तकात असलेली ती उभी रेघ मुलीला आपल्या घरापासून मावशीच्या घरापर्यंत हाताला लागते.

आणखी एक, सगळा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळं वर्षातून दोनदा सूर्य आपल्या अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. एकदा मे महिन्यात, एकदा जुलैत किंवा (दक्षिणेकडच्या भागात) ऑगस्टच्या सुरुवातीला. मेमध्ये सुट्टी, जुलै-ऑगस्टमध्ये ढग! पण मे महिन्यात घरच्या अंगणात हा खेळ मुलांबरोबर आईलाही करता येतो.

आजीचा तास

इतिहासाचं पुस्तक म्हटलं की राजे, तह आणि सनावळ्या. पण आपल्या घरातल्या खाटेवर एक चालतं-बोलतं पुस्तक बसलेलं असतं. १९७२चा दुष्काळ पाहिलेल्या आज्या आज साठी-सत्तरीच्या पुढं आहेत. आत्ता विचारलं नाही, तर पुढं विचारायला कुणी उरणार नाही.

आठवीच्या मुलांना गृहपाठ द्या, आजीची मुलाखत. नुसतं ‘दुष्काळाची माहिती सांग’ म्हटलं तर आजी म्हणेल, ‘लई वाईट दिस होते बाबा’ आणि गप्प बसेल. प्रश्न नेमके हवेत. पाणी कुठून आणायचीस? खडी फोडायला कुठं जायचीस? हजेरी किती मिळायची? सुकडी खाल्लीस का? लाल मिलोची भाकरी कशी लागायची? त्या वेळी गावाजवळ कुठला रस्ता, कुठला पाझर तलाव झाला? दहा मुलांच्या दहा आज्यांची उत्तरं एकत्र केली की गावाचा इतिहास तयार होतो. दुष्काळी कामांच्या त्या अनुभवातूनच रोजगार हमीची योजना बळकट झाली, १९७७ साली महाराष्ट्रात तिचा कायदा झाला आणि २००५ साली देशभरासाठी तसा कायदा आला. नागरिकशास्त्रातला कायदा आपल्या आजीच्या हातावरच्या घट्ट्यांतून आलाय, हे कळलं की धड्याकडे बघायची नजरच बदलते.

यात एक फार मोलाची गोष्ट घडते. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारी, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली मुलगी या तासाला सगळ्यांत पुढं असते. कारण तिच्या आजीला सांगण्यासारखं जास्त असतं. ज्या घरात पुस्तकं नाहीत त्या घरातही ज्ञान असतं, हे तिला शाळेनंच सांगितलेलं असतं.

मराठीच्या तासाला याच आजीकडून जात्यावरची एक ओवी मिळवा. हेमा राईरकर आणि गी प्वातवॅं यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्याखेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या म्हणणाऱ्या बायकांच्या आणि गावांच्या नावांसकट. मुलांनीही तसंच करायचं. ओवी, म्हणणारीचं नाव, गाव, ती कुणाकडून शिकली. सोबत पायली, शेर, चिपटं, मापटं अशा विसरत चाललेल्या शब्दांचा छोटा कोशही होऊ शकतो. जुनं माप घरात असेल तर त्यानं धान्य मोजून तराजूत घालायचं. एकाच नावाचं माप दोन गावांत वेगळं भरलं, तर सगळ्यांसाठी एकच माप का लागतं ते सांगायची गरजच उरत नाही. वर्षाअखेरीला या सगळ्याचं हस्तलिखित बांधा. त्याला रंगीत मुखपृष्ठ नसलं तरी बिघडत नाही.

प्रश्नांचा डबा

हा सगळ्यांत स्वस्त उपक्रम. बिस्किटांचा रिकामा डबा घ्या, झाकणाला फट पाडा आणि वर्गाच्या कोपऱ्यात ठेवा. ज्याला जो प्रश्न पडेल तो त्यानं चिठ्ठीवर लिहून टाकायचा. नाव लिहायचं नाही. दर शनिवारी बाईंनी तीन चिठ्ठ्या काढायच्या.

होशंगाबादच्या त्या कार्यक्रमातही ‘सवालीराम’ नावाचं एक काल्पनिक पात्र होतं. मुलं त्याला पत्रं लिहून प्रश्न विचारायची आणि त्यांना उत्तरंही जायची. समोरच्या मोठ्या माणसाला विचारायला जीभ रेटत नाही, ते सवालीरामला विचारता यायचं.

आपल्या डब्यात सुरुवातीला ‘कावळा काळा का?’ असले प्रश्न येतील. विश्वास बसला की मग खरे प्रश्न येऊ लागतात. ‘पाळी आली की लोणच्याला हात लावल्यावर ते खरंच नासतं का?’ ‘मुलांचा आवाज फुटतो म्हणजे काय होतं?’ ‘मी काळी आहे म्हणून माझ्याशी कुणी बोलत नाही, काय करू?’ या चिठ्ठ्या वाचताना बाईंनी ओशाळायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. लोणचं पाळीनं नासत नाही. ओला चमचा, कमी मीठ किंवा वर तेल नसणं यानं नासतं, हे सरळ सांगायचं. मुलींना आणि मुलांना एकत्र बसवून. ज्याचं उत्तर येत नाही तिथं ‘मला माहीत नाही, शोधून सांगते’ म्हणायचं. बाईंनाही एखादी गोष्ट माहीत नसते आणि त्या ती शोधतात, हे बघणं हाच मुलांसाठी मोठा धडा असतो.

बाई, वेळ कुठून आणायचा?

अगदी रास्त प्रश्न. म्हणून काही व्यवहाराच्या गोष्टी.

आठवड्याला एकच उपक्रम ठरवा, तोही त्याच आठवड्यातल्या धड्याचा. तो वेगळा जादा तास नसतो, धड्याची सुरुवातच त्यानं करायची. शनिवारची सकाळची शाळा यासाठी उत्तम. २०२४ साली राज्य सरकारनं पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ जाहीर केला, तोही याच कामी येईल. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना, गावातल्या सुतार, कुंभार, माळी, कलाकारांकडे शिकण्याचे असावेत, असं म्हटलंय. म्हणजे मुख्याध्यापकांनी विचारलं, तर दाखवायला कागद आहे!

प्रयोग आदल्या दिवशी स्वतः घरी करून बघा. गट पाचांचा ठेवा आणि गटात कुणी काय करायचं ते नेमून द्या. एक मोजणार, एक लिहिणार, एक साहित्य सांभाळणार. लिहिण्याचं काम दर वेळी मुलीकडेच आणि हत्यार दर वेळी मुलाकडेच जात नाही ना, एवढं बघा. वर्गात आवाज होईल. होऊ दे. काम करणाऱ्या वर्गाचा आवाज आणि दंग्याचा आवाज वेगळा असतो, तो कान लगेच ओळखतो. शेवटची सात मिनिटं मात्र हातची राखून ठेवा. प्रत्येकानं वहीत तीनच ओळी लिहायच्या. काय केलं, काय दिसलं, अजून काय कळलं नाही. तिसरी ओळ वाचली की पुढचा तास कुठून सुरू करायचा ते बाईंना आपोआप कळतं.

साहित्य कुठं मिळेल?

अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर खेळण्यांच्या कृती, छोट्या फिल्म्स आणि पुस्तकं फुकट मिळतात, त्यात मराठीही भरपूर आहे. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय. त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड मोबाइलनं स्कॅन केला की त्या धड्याचं जादा साहित्य उघडतं. असे कोड वापरून शिकवणारे सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून टाकली. छोट्या गावातली शाळा म्हणून काही अडत नाही, ते असं.

वाचायचंच असेल तर गिजुभाई बधेका यांचं ‘दिवास्वप्न’ आणि जपानी लेखिका तेत्सुको कुरोयानागी यांचं ‘तोत्तोचान’ मराठीत मिळतं. दोन्ही पुस्तकं दोन-चार बैठकीत वाचून होतात. आणि आपल्या मातीतली उदाहरणं हवी असतील तर तीही बायकांचीच आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी दगड, शिंपले, पानं, बिया यांचंच शैक्षणिक साहित्य केलं. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळाच कुरणात नेली, तिचं नाव कुरणशाळा. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली ‘सृजन आनंद’ विद्यालय सुरू केलं आणि आनंदानं शिकणं म्हणजे काय ते वर्षानुवर्षं करून दाखवलं. यांच्यापैकी कुणीही साहित्य विकत मिळेल म्हणून वाट बघत बसलं नाही.

आयांनो, तुमचाही एक तास

शिक्षिका नसलेल्या मैत्रिणींनो, हे तुमच्यासाठीही आहे. शिवणकाम करणाऱ्या आईला माप, कापड वाचवणं, तिरकस काप यातलं भूमितीच्या पुस्तकापेक्षा जास्त कळतं. पापड-लोणच्याचा धंदा करणारीला टक्केवारी आणि नफा-तोटा तोंडपाठ असतो. बचत गटाच्या हिशेबनीस ताई व्याज शिकवायला आल्या, तर सातवीचा तो धडा कुणी विसरेल का? पालकसभेत फक्त तक्रारी ऐकायला न जाता एकदा बाईंना म्हणून बघा, ‘मला एक तास द्या, मी ब्लाऊजचं कटिंग दाखवते.’ आपली आई वर्गात फळ्याजवळ उभी आहे, हे बघताना लेकीच्या चेहऱ्यावर जे येतं ते कुठल्याही प्रगतिपुस्तकात छापता येत नाही.

घरी एवढंच करा. पुढच्या वेळी शाळेतून प्रोजेक्ट आला की कात्री मुलाच्या हातात द्या. वाकडं कापेल, डिंक सांडेल, लेबलावर शुद्धलेखन चुकेल. चुकू द्या. मार्क कमी पडले तर बाईंना जाऊन सांगा, ‘हे त्यानं स्वतः केलंय.’ आणि बाईंनो, दहा वस्तूंमधली ती एक वाकडी, मळकी वस्तू दिसली की तीच आधी हातात घ्या आणि त्या मुलाला विचारा, ‘हे कसं केलंस रे?’

तो सांगायला लागेल. मग फक्त ऐकायचं.